साठ मिनिटांची हालचाल

आमच्या शाळेत खेळाचा तास आठवड्यातून दोनदा असायचा आणि त्यातला एक हमखास माझ्या घशात जायचा. मी चौथीची वर्गशिक्षिका. गणित मागं पडलं, धडा राहिला, चाचणी तोंडावर आली, कारणांना काय तोटा? खेळाच्या बाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या की मी फळ्यावरचा हात न थांबवता म्हणायची, "आजचा दिवस द्या ना." त्या एकदा वर्गाकडे बघायच्या. चाळीस तोंडं त्यांच्याकडे वळलेली असायची आणि बाकांखाली ऐंशी पाय चुळबुळत असायचे. "घ्या," एवढंच म्हणून त्या माघारी जायच्या.

त्या माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या. उंच, काटकुळ्या, केस बारीक कापलेले, आणि आवाज असा की मैदानात हाक मारली तर कुंपणापलीकडून चाललेला माणूस आपलं काही चुकलं की काय म्हणून मागं वळून बघेल. त्यांची नोकरी कायम नव्हती. दर वर्षी नवा करार व्हायचा. शिक्षकांच्या खोलीत त्यांना खुर्ची नव्हती. सामानाच्या खोलीत, चेंडूंच्या जाळीखाली एक खोकं उलटं टाकून त्या तिथंच डबा खायच्या. आम्हा बाकीच्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. आम्ही शिकवायचो आणि त्या पोरांना पळवायच्या, अशी आमची समजूत.

मग वरून परिपत्रक आलं. प्राथमिकच्या प्रत्येक मुलानं शाळेच्या वेळात रोज साठ मिनिटं शरीराची हालचाल केली पाहिजे आणि त्याची नोंद ठेवली पाहिजे. मुख्याध्यापकांनी ते बैठकीत वाचलं, चष्मा काढला आणि आमच्याकडे असे बघू लागले, जसं काही ती साठ मिनिटं आमच्यापैकीच कुणीतरी लपवून ठेवली आहेत.

"आणायची कुठून एवढी मिनिटं?" तिसरीचे सर म्हणाले. "शाळा सुटल्यावर पोरांच्या घरी जाऊन पळवू का त्यांना?"

सगळे हसले. हसू ओसरल्यावर खेळाच्या बाई उभ्या राहिल्या. बैठकीत त्या कधी बोलल्याचं मला आठवत नव्हतं.

"एकदम साठ नकोत. प्रत्येक तासानंतर आठ मिनिटं द्या. सात तासांची छप्पन्न होतात. उरलेली चार जिन्यावरच्या चढउतारात निघतील."

त्यांनी घडी घातलेला कागद उलगडला. कागद नवा नव्हता, घडीवर फाटायला आला होता. कितीतरी वर्षं तो त्यांच्याकडे पडून असणार. शाळेचा अख्खा नकाशा त्यांनी हातानं काढला होता. कुठल्या वर्गानं कुठल्या दारानं बाहेर पडायचं, पाण्याच्या टाकीपाशी कसं वळायचं, इमारतीमागच्या सहा दगडी पायऱ्या चढून भिंतीकडेनं मैदानात कसं यायचं, सगळं त्यात होतं.

"एकच गोष्ट आहे," पायऱ्यांवर बोट ठेवून त्या म्हणाल्या. "हा कोपरा आडोशाला आहे. मी मैदानात असले की मला तो दिसत नाही. तिथं ज्या त्या वर्गाच्या शिक्षकांनी उभं राहायचं. रोज, प्रत्येक फेरीला. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, मी वाट बदलते."

"जमेल हो," मुख्याध्यापक म्हणाले. जमेल म्हणून लिहिलं गेलं आणि आम्ही सगळ्यांनी खाली सह्या केल्या.

पहिले पंधरा दिवस मी मनातून चरफडत होते. तास संपला की शिट्टी, पोरं बाहेर, पोरं आत, लाल झालेली तोंडं, घामाचा वास. दिवसाची सहा-सात गणितं माझ्या हातून जात होती. पण मग एक गंमत माझ्या लक्षात आली. पूर्वी चौथ्या तासाला अर्धा वर्ग बाकावर गाल टेकून असायचा. भागाकार शिकवताना मी एकटीच बोलायची आणि एकटीच उत्तर द्यायची. आता बाहेरून आल्यावर मिनिटभर कलकलाट व्हायचा आणि मग पोरं ऐकायची. खरोखर ऐकायची. जो भागाकार दरवर्षी माझा महिना खायचा तो अठरा दिवसांत संपला. मी हे कुणाला बोलले नाही. बोलले असते तर इतक्या वर्षांत लाटलेल्या तासांचा जाब मला स्वतःलाच द्यावा लागला असता.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. अंगानं जाड, स्वभावानं मुकी. पोरं तिला गोगलगाय म्हणायची. मी ते ऐकायची आणि न ऐकल्यासारखं करायची. पहिल्या फेरीला ती चालतच आली. सगळा वर्ग बाकांवर बसून झाला तरी ही दारातच. पोरं खिदळली. दुसऱ्या दिवशी खेळाच्या बाईंनी तिला बाजूला घेतलं.

"तुझं एक काम आहे," त्या म्हणाल्या. "मागं कुणी राहिलं नाही ना, ते बघत सगळ्यांच्या शेवटी यायचं. तू आलीस की मी समजणार, सगळे आले. तू येईपर्यंत मी मोजणं संपवणार नाही."

झालं, गोगलगाईला हुद्दा मिळाला. ती मान ताठ करून शेवटी येऊ लागली. कुणी बुटाची नाडी बांधायला थांबला तर त्याच्या डोक्यावर उभी राहायची, "आटप, बाई खोळंबल्यात!" पाचसहा आठवड्यांनी एक दिवस ती धापा टाकत बाईंसमोर आली, रडवेली होऊन.

"बाई, माझ्या मागं दोघं राहिलेत. मी चुकून पुढं आले. आता काय करू?"

"आता पळ," बाई म्हणाल्या.

आणि ती पळाली. तिची आई दवाखान्यात परिचारिका होती. ती एकदा मुद्दाम शाळेत आली आणि हसत म्हणाली, "हिला काय खाऊ घालता हो? जिन्यावरून धडधडत वर जाते, खालच्या मजल्यावरची माणसं भांडायला येतात." खेळाच्या बाई त्या दिवशी आमच्याबरोबर चहा प्यायला बसल्या. कुणीतरी त्यांना खुर्ची दिली होती. ती मी दिली होती असं सांगायला मला आवडलं असतं.

तिसऱ्या महिन्यात पाहणीचं पत्र आलं. गुरुवारी समिती येणार. मुलांनी किती हालचाल केली ते बघायला नव्हे, नोंदी बघायला. प्रत्येक मुलाचा स्वतंत्र फॉर्म, रोजची मिनिटं, तीन महिन्यांची. आमच्याकडे वर्गाची एकत्र नोंद होती, एकेकाची नव्हती. मुख्याध्यापक भित्रे. पत्र हातात आल्यापासून त्यांची झोपच उडाली असावी. सोमवारी त्यांनी तोंडी हुकूम सोडला, की फेऱ्यांच्या वेळात वर्गशिक्षकांनी फॉर्म भरावेत, मैदानावर बाई आहेतच.

खेळाच्या बाई तडक त्यांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं. मी बाहेर फॉर्मांचा गठ्ठा मोजत उभी होते.

"कोपऱ्यावर कोण?"

"अहो, तीन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"मग तीन दिवस फेऱ्या बंद ठेवते."

"पाहणीच्या आठवड्यात फेऱ्या बंद? तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?"

"मग वाट बदलते. टाकीपासूनच परत फिरवते."

"आणि नकाशा? तो वर पाठवलाय आपण. त्यात पायऱ्या आहेत. समितीनं विचारलं तर काय सांगू?"

त्या बाहेर आल्या आणि माझ्यासमोर थांबल्या. "बाकीच्या वर्गांना मी टाकीपासूनच वळवते, समितीचं काय व्हायचं ते होवो. पण चौथीची पोरं वेगात असतात, हाकेला थांबत नाहीत. तुम्ही तेवढ्या या."

"येते की," मी म्हणाले.

सोमवारी गेले. मंगळवारी गेले. बुधवारी पाचव्या तासानंतर शिट्टी झाली तेव्हा माझे एकोणीस फॉर्म उरले होते. मी उठले. दारापर्यंत गेले. मग म्हटलं, आजचा दिवस. परत येऊन बसले आणि बाविसाव्या नंबरच्या मुलासमोर साठ, साठ, साठ असे आकडे घालत सुटले.

किंचाळी ऐकू आली तेव्हा माझ्या हातात पेन होतं. ते हातात धरूनच मी धावले.

गोगलगाय पायऱ्यांखाली पडली होती. वरच्या पायरीवर मागून आलेल्या तिघांची दाटी झाली आणि ती बाहेरच्या अंगाला फेकली गेली, असं पोरं नंतर म्हणाली. खेळाच्या बाई माझ्याआधी पोचल्या होत्या. लाकडी पट्टीवर तिचा दुखावलेला हात ठेवून त्या आपल्या रुमालानं बांधत होत्या. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण ती रडत नव्हती.

"बाई, मी पहिली होते," ती म्हणाली.

"बघितलं मी," त्या म्हणाल्या. त्यांना तिथून काही दिसलं नव्हतं. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या पेनाकडे बघितलं आणि पुन्हा गाठ मारू लागल्या.

शुक्रवारी मुलीच्या आईवडिलांना बोलावलं होतं. वडील पालक समितीवर होते. त्याआधी दहा मिनिटं मुख्याध्यापकांनी मला आत घेऊन दार लावलं.

"तुम्ही कोपऱ्यावर होतात ना?" त्यांनी विचारलं.

मी पायाखालच्या फरशीकडे बघितलं.

"नाही, कसं आहे," ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत म्हणाले, "तुम्ही नव्हतात म्हटलं तर का नव्हतात असं विचारतील. मग मी फॉर्म भरायला सांगितले तेही येईल. मग तुम्ही अडकणार, मी अडकणार, शाळा अडकणार. तुम्ही होतात म्हटलं तर मामला साधा आहे. मुलांना एवढं पळवायची योजनाच मुळात कुणाची, एवढाच प्रश्न उरतो. बाईंचं काय, त्यांचा करार असाही मार्चमध्ये संपतोच."

आधी माझा विचार माझ्या पगाराकडे गेला, मग लेकाच्या शिक्षणाकडे गेला, मग सेवापुस्तकात लाल शाईनं काय लिहितील तिकडे गेला. त्या पोरीकडे तो गेलाच नाही, हे मी आज कबूल करते.

"होते," मी म्हणाले.

सगळे आत आले. मुलीचा डावा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता. वडील उभ्याउभ्याच सुरू झाले. मूल शाळेत शिकायला पाठवतो, शर्यतीचं घोडं करायला नाही. मुख्याध्यापकांनी त्यांना पाणी दिलं आणि माझ्याकडे हात केला. "वर्गशिक्षिका नेमून दिल्याप्रमाणे तिथं हजर होत्या. आता एवढ्या वेगानं मुलं आल्यावर एकटं माणूस काय करणार?"

खेळाच्या बाई भिंतीपाशी उभ्या होत्या. त्या पहिल्यांदाच बोलल्या, आणि अगदी हळू बोलल्या.

"होत्या तर त्यांनी बघितलं असेल. कशी पडली ते सांगू दे त्यांना."

खोली माझ्याकडे वळली. मी तोंड उघडलं आणि जे सुचलं ते बोलत गेले. मी थांब म्हणाले, ती थांबली नाही, तिचा पाय घसरला, मी हात पुढं केला, पण ती उजव्या हातावर आपटली.

मुलीच्या आईनं लेकीच्या प्लास्टरकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मुलगीही माझ्याकडे बघत होती. तिला माहीत होतं मी तिथं नव्हते ते. पण मी तिची बाई होते, आणि बाई सांगतात ते खरं असतं असं आपणच पोरांना शिकवतो. तिनं मान खाली घातली.

"बस्स," मुख्याध्यापक म्हणाले. "तपशिलात शिरायचं कारण नाही."

खेळाच्या बाईंनी बैठकीतल्या सह्यांचा कागद काढलाही नाही. त्या कागदावर माझी सही होतीच, पण आता त्याचा अर्थ उलटा, मी कोपऱ्यावर होतेच असा, लागणार होता. वड्याचं तेल वांग्यावर निघालं ते निघालं. मार्चमध्ये त्यांचा करार वाढवला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी सामानाच्या खोलीची किल्ली शिपायाकडे दिली आणि कुणाचा निरोप न घेता गेल्या.

योजना मात्र बंद झाली नाही. परिपत्रक होतं ना! फक्त ती आत आली. प्रत्येक वर्गात पडदा लागला. तास संपला की पडद्यावर एक ससा यायचा, उड्या मारायचा, टाळ्या वाजवायचा. पोरांनी बाकाशेजारी उभं राहून तसंच करायचं. पहिल्या आठवड्यात पोरं सशाबरोबर उड्या मारायची. दुसऱ्या आठवड्यापासून नुसते हात हलवायची. पुढं पुढं ससा एकटाच उड्या मारायचा आणि मी त्या वेळात वह्या तपासायची. नोंदीत साठ मिनिटं. चौथ्या तासाला अर्धा वर्ग पुन्हा बाकावर गाल टेकून. समितीनं नोंदी बघून शाळेला शाबासकीचं पत्र पाठवलं, आणि मुख्याध्यापकांनी मला हालचाल-प्रमुख नेमलं. मी नाही म्हणाले नाही.

गोगलगाईचा हात दीड महिन्यात बरा झाला. वडिलांनी मात्र डॉक्टरांचं पत्र आणून दिलं, की हिला कसलीही धावपळ नको. मग ती सशाच्या वेळातही बसूनच राहायची. पोरांनी पुन्हा तिला जुन्या नावानं हाक मारायला सुरुवात केली. वर्षाच्या शेवटी तिचं वजन घेतलं तो आकडा मीच लिहिला.

त्या सुट्टीत मी सगळं खरं खरं लिहून काढलं, दीड पान झालं. ते मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं आणि घडी घालून परत माझ्या हातात दिलं.

"आता कशाला? सगळं सुरळीत चाललंय. त्या बाईंनाही कुठं ना कुठं काम मिळालंच असेल. घरी ठेवा हे."

मी ते घरी नेऊन ठेवलं. दुसरीकडे कुठं पाठवायला माझा हात कुणी धरला नव्हता.

पुढच्या वर्षी माझ्या सासऱ्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी व्यायामासाठी एका केंद्राचा पत्ता दिला. दर मंगळवारी दुपारी जायचं. मी त्यांना घेऊन गेले. मोठी खोली, भिंतीला धरून चालायच्या दांड्या, ओळीनं खुर्च्यांवर दहाबारा म्हातारी माणसं, आणि त्यांच्यासमोर खेळाच्या बाई.

"टाच वर. अजून. आजी, बोलू नका, टाच वर घ्या."

त्यांनी मला बघितलं. चेहऱ्यावर काही हललं नाही. माझ्या हातातून सासऱ्यांना त्यांनी काखेत धरून घेतलं, खुर्चीत बसवलं, गुडघ्याखाली उशी सरकवली. सगळं अगदी नीट, हळुवार. तासभर मी भिंतीपाशी बसून होते. शेवटी त्या माझ्या शेजारून पाणी घ्यायला गेल्या तेव्हा मी उठले.

"बाई, मी तेव्हा—"

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या.

"मी सगळं लिहून दिलं होतं. साहेबांनी घेतलं नाही."

"आणि तुम्ही परत घेतलंत."

त्या पाणी प्यायल्या, त्यांनी ग्लास विसळून पालथा ठेवला.

"चौथीच्या बाई, तुम्ही हे मला सांगून हलक्या होऊन घरी जाणार. मग मी काय करायचं? ती पोरगी पळते का?"

"नाही. बसून असते."

"मग माझ्याशी काय बोलायचंय तुम्हाला?" त्या खुर्च्यांच्या ओळीकडे बघत म्हणाल्या. "ही सगळी माणसं जन्मभर बसून बसून इथवर आलीत. तुमच्या वर्गातली पण येतील. जरा वेळ आहे एवढंच." आणि त्या दांडीपाशी अडलेल्या एका आजोबांकडे गेल्या.

परत येताना गाडीत सासरे खुशीत होते. कितीतरी दिवसांनी चार पावलं आपली आपण टाकली होती.

"बाई मोठी गुणाची आहे हो. तुझ्या ओळखीची दिसली."

"आमच्या शाळेत होत्या."

"मग सोडली कशाला?"

मी रस्त्याकडे बघत होते. माहीत नाही म्हटलं असतं तर संपलं असतं. पण त्या दिवशी मला खोटं बोलायचाही कंटाळा आला होता. मी सांगितलं. कोपरा, फॉर्म, उजवा हात, सगळं सांगितलं. सांगेपर्यंत घर आलं. उतरताना माझा हात न धरता त्यांनी दाराची कड धरली.

पुढच्या मंगळवारी मी निघायची तयारी केली तेव्हा ते बूट घालून बाहेरच्या खोलीत बसले होते.

"तू राहू दे," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "आजपासून माझा मुलगा येईल बरोबर. मी सांगितलंय त्याला."